ऑफिस ऐरोलीला चाललंय, सॉफ्टवेअर बदलतंय, टीम गप्प आहे: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्न विचारणाऱ्या बाई बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कस्टम्स ब्रोकर फर्ममध्ये (इम्पोर्टरच्या वतीने कस्टम्सची कागदपत्रं भरणाऱ्या) डॉक्युमेंटेशनच्या प्रमुख आहेत, हाताखाली ११ जण. फर्म एका मोठ्या लॉजिस्टिक्स ग्रुपने विकत घेतली आहे. येत्या काही महिन्यांत ऑफिस ऐरोलीला जाणार, बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सकडे भरायचा कागद, तयार करायचं सॉफ्टवेअर बदलणार आणि सगळ्यांना नवी नेमणूकपत्रं मिळणार. टीममधले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. दोघं जण बाहेर इंटरव्ह्यू देताहेत अशी कुणकुण आहे. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, "मलाच हे सगळं पटलेलं नाही. मग टीमला कोणत्या तोंडाने सांगू?"

फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑपरेशन्समध्ये माझी बरीच वर्षं गेली. आता अशाच फर्मबरोबर त्यांच्या घडामोडीच्या काळात काम करते. त्यामुळे तुमचं ऑफिस न बघताही बऱ्यापैकी डोळ्यांसमोर येतंय.

तुम्हाला पटायलाच हवं असं काही नाही. निर्णय तुमच्या वरच्यांनी घेतलाय, तुम्हाला तो पार पाडायचाय, आणि यात ढोंग करण्याची गरज नाही. टीमला तुमचा चेहरा रोज दिसतो. तुम्ही ओढूनताणून उत्साह दाखवलात की पहिल्या पाच मिनिटांत त्यांना कळतं, आणि मग तुमच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. पण दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांच्यात बसून "काय हा मूर्खपणा" म्हणत चहा पिणं तर त्याहून वाईट. तुमची नापसंती वर गेली पाहिजे, लेखी, आकड्यांसकट. खाली फक्त एवढंच जावं: "हे ठरलंय. माझे काही आक्षेप होते, ते मी साहेबांना सांगितलेत. आता हे नीट कसं होईल ते बघू." असं सरळ बोलणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात.

त्याआधी एक काम तुमचं स्वतःचं आहे. त्या ग्रुपचंही डॉक्युमेंटेशन खातं असणार, त्यालाही कुणीतरी प्रमुख असणार. दोन प्रमुखांचं पुढे काय होणार हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तो तुमच्या मनात आहे, नसेल तर यायला हवा. टीमसमोर उभं राहण्याआधी साहेबांकडे जा आणि विचारा: मी कोणाला रिपोर्ट करणार, माझं पद काय राहणार, हे कधी नक्की होईल? उत्तर "अजून माहीत नाही" असं आलं तरी चालेल, निदान प्रश्न पोटात ठेवून फिरावं लागत नाही. स्वतःची भीती न मोजता जो दुसऱ्यांना धीर देतो, तो प्रत्यक्षात स्वतःलाच समजावत असतो आणि समोरच्याचं काहीच ऐकत नाही. मनातलं ओकायला ऑफिसबाहेरचा एखादा माणूस ठेवा. नवरा, मैत्रीण, जुना सहकारी, कुणीही. टीममधली सर्वांत जवळची ज्युनियर मात्र नको.

आता टीम. लोकांना नव्याचा तिटकारा असतो, ही समजूत सोडून द्या. तुमच्याच टीमने फोनवर यूपीआय कुणी न शिकवता उचललं. नव्या गोष्टीपायी आपलं काय जाणार, याचा हिशेब प्रत्येकजण मनात मांडत असतो, आणि तो हिशेब कुणी विचारत नाही म्हणून गप्प बसतो. विल्यम ब्रिजेस नावाच्या अमेरिकन सल्लागाराने मांडणी केली होती की माणसाच्या मनातलं स्थित्यंतर नव्याच्या सुरुवातीपासून नाही, जुन्याच्या शेवटापासून सुरू होतं. त्याची बाकीची आकृती विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा. कंपनीचं प्रेझेंटेशन नवं काय मिळणार यावर असतं. काय जाणार यावर एकही स्लाइड नसते. ती स्लाइड तुम्हाला बनवायची आहे, माणसागणिक वेगळी.

मुंबईत तर हे जास्तच. गिरणगावात वाढलेल्या कितीतरी घरांनी १९८२ चा संप आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद होताना पाहिली आहे. ज्या जागी बापाचं मशीन होतं तिथे आज मॉल आहे, काचेची ऑफिसं आहेत. अशा घरातल्या माणसाला "घाबरण्याचं काही कारण नाही" असं सांगू नका. त्याच्याकडे कारण आहे. "बदल हा निसर्गाचा नियम आहे" आणि "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हीही दोन वाक्यं कपाटात कुलूप लावून ठेवा. कुटुंबातल्या माणसाला नोटीस पिरियड नसतो.

प्रत्येकाला वेगळं भेटा. कॉन्फरन्स रूममध्ये नको, तिथे माणूस इंटरव्ह्यूला बसल्यासारखा बसतो. खाली कटिंग घेत वीस मिनिटं पुरतात. "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलंत तर "नाही मॅडम" असंच उत्तर येईल. असं विचारा: "ऐरोलीला गेल्यावर तुमचा दिवस कसा होईल, सकाळपासून सांगा." मग ऐका आणि लिहून घ्या.

बघा काय निघतं. पनवेलहून येणाऱ्याला आज सीएसएमटीपर्यंत हार्बरने यावं लागतं, उद्या पनवेल-ठाणे गाडीत बसला की थेट ऐरोली. त्याचा तर फायदाच आहे, तो गप्प आहे कारण बाकीचे नाराज असताना आनंद दाखवायचा कसा. डोंबिवलीवाल्याला ठाण्यापर्यंत तीच गर्दी, पुढे ट्रान्स-हार्बरला बदलायचं, पण एकूण अंतर कमी. शिवडीच्या माणसाला वाशीमार्गे वळसा. आणि विरारहून येणारी? आज ती चर्चगेटला उतरते. उद्या विरार ते दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे, ठाणे, पुन्हा गाडी बदलून ऐरोली. दोन वेळा बदलायचं, सकाळ-संध्याकाळ. तिचं मूल दादरच्या पाळणाघरात असेल आणि ते सातला बंद होत असेल, तर तिच्यासाठी हा नोकरीच सोडायची का असा प्रश्न आहे. कंपनीच्या दृष्टीने मात्र चौघांसाठी बदल एकच: "ऑफिस शिफ्टिंग".

हा कागद घेऊन वर जा. "टीम नाराज आहे" हे वाक्य साहेब रोज ऐकतात, त्यावर काही करता येत नाही. "अकरापैकी तिघांचा प्रवास दिवसाला दीड तासाने वाढतोय, त्यातल्या दोघी आयजीएम (जहाजावरच्या मालाची कस्टम्सला द्यायची यादी) आणि शिपिंग लाइनचं सगळं काम बघतात" यावर करता येतं. त्या विशिष्ट माणसांसाठी कामाची वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे, आठवड्यातले एक-दोन दिवस घरून चेकलिस्ट (भरण्याआधीचा बिलाचा मसुदा) तपासणं, पहिले काही महिने प्रवासभत्ता, महिनाअखेरीला उशीर झाला तर घरापर्यंत गाडी, अशा मागण्या करा. सगळ्या मिळणार नाहीत. पण दोन मिळाल्या आणि त्या तुम्ही मिळवून आणल्यात, की तुमचा शब्द चालतो. प्रवास मांडताना तुमचा स्वतःचाही मांडा, तोही त्याच कागदावर असू दे.

नेमणूकपत्रांकडे मी जास्त लक्ष देईन, कारण तिथे लोकांची आयुष्यभराची कमाई अडकलेली असते आणि मॅनेजर "ते एचआरचं बघा" म्हणून मोकळे होतात. सहीआधी एचआरकडून लेखी उत्तर मागा: जुनी सेवा सलग धरली जाणार का? हे हस्तांतर आहे, की राजीनामा देऊन नव्याने रुजू व्हायचं? ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षांची सेवा लागते हे सगळ्यांना माहीत असतं. सही करताना नव्या पत्रावरची रुजू झाल्याची तारीख मात्र फारसं कुणी बघत नाही. तिथे जुनीच तारीख हवी, किंवा जुनी सेवा धरल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. शिल्लक रजेचं काय, प्रोबेशन पुन्हा लावलंय का, हेही बघा. आणि पाळीच्या वेळा, भत्ते, रजा अशा सेवाशर्ती कामगारांच्या नुकसानीत जातील अशा बदलायच्या असतील, तर २१ दिवस आधी सूचना देण्याची तरतूद आपल्या कायद्यात जुनी आहे. औद्योगिक विवाद कायद्यात ती कलम ९-अ मध्ये होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवली आहे. तुमच्या टीममधलं कोण त्या व्याख्येत बसतं हे वकिलाला किंवा एचआरला विचारायचं. पण प्रश्न तुम्ही विचारलात, एवढ्यानेच एचआर पत्रं जपून लिहायला लागतं.

सॉफ्टवेअरबद्दल एकच हट्ट धरा: ऑफिसचं शिफ्टिंग आणि नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह (तिच्यावर प्रत्यक्ष काम सुरू होणं) एकाच महिन्यात नको. घर हलवायच्या दिवशीच सत्यनारायण घालण्यातला प्रकार आहे तो. साहेबांना हे भावनेने पटणार नाही, पैशाने पटेल. माल येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरायचं असा सर्वसाधारण नियम आहे, आणि उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो, प्रत्येक बिलाला. वर कंटेनर वेळेत परत न गेल्याचा आकार, म्हणजे डिटेन्शन, वेगळं. नव्या सिस्टिमवर पहिल्या आठवड्यात वेग निम्म्यावर आला, तर हे पैसे कोण भरणार, आपण की इम्पोर्टर? हा प्रश्न लेखी विचारलात की तारखा आपोआप सुटसुटीत होतात.

गो-लाइव्हच्या आधी काही दिवस दोन्ही सिस्टिम समांतर चालवा, पण सगळ्या कामासाठी नको, माणसं मोडतील. दोन-तीन नेहमीचे इम्पोर्टर निवडा, ज्यांचा माल ठरलेला आणि कागद स्वच्छ असतात. मार्चअखेर टाळा. गणपतीच्या तोंडावर तर अजिबात नको, अर्धं ऑफिस कोकणात असतं आणि उरलेलं मनाने कोकणात. वेग किती दिवस कमी राहील हे साहेबांशी आधीच आकड्यात ठरवून घ्या. ते ठरलं नसेल तर दुसऱ्या दिवसापासून "पूर्वी इतकी बिलं व्हायची" हे ऐकू यायला लागतं, आणि टीम लपूनछपून जुन्या एक्सेलवर काम करायला लागते.

आता भाऊंबद्दल. तुमचा प्रश्न मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटला.

असा माणूस गप्प बसला की मॅनेजरला वाटतं, विरोध आहे किंवा झेपत नाहीये. मला वेगळंच दिसतं. २०२० मध्ये कस्टम्सचं फेसलेस असेसमेंट आलं. जूनमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईला सुरू झालं, ऑक्टोबरअखेर देशभर लागू झालं. त्याआधी बिल अडकलं की ब्रोकरचा माणूस फाईल बगलेत मारून कस्टम हाउसमध्ये अप्रेझरसमोर, म्हणजे बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, उभा राहायचा, समजावून सांगायचा, काम करून आणायचा. कस्टम्समध्ये मालाच्या कोणत्या ग्रुपला कोण साहेब आहेत, कोणाला किती कागद लागतात, हे ज्ञान म्हणजेच त्याची किंमत होती. नंतर न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचं बिल भलत्याच शहरातला अधिकारी तपासायला लागला, प्रश्न स्क्रीनवर यायला लागला आणि उत्तर आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवरून जायला लागलं. वीस वर्षांच्या ओळखी एका झटक्यात निकामी झाल्या. त्यात जे टिकले, ते माल ओळखणारे होते. तुमचे भाऊ टिकलेत. म्हणजे एकदा त्यांची निम्मी पुंजी गेली, आणि आता उरलेल्या निम्म्यावर, म्हणजे कोणता माल कोणत्या कोडमध्ये बसतो या वर्गीकरणाच्या जाणकारीवर, नवं सॉफ्टवेअर हात घालतंय. ते इन्व्हॉइस वाचून स्वतःच एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) सुचवणार, असं डेमोत सांगितलं असेल ना? त्या क्षणापासून ते गप्प झाले असतील, आठवून बघा.

त्यांचा सत्कार करू नका. शाल-श्रीफळ दिलं की माणसाला कळतं, आपल्याला निरोप देताहेत. त्यांना "चेंज चॅम्पियन" वगैरेही करू नका, त्यांच्या वयाला ते शोभत नाही आणि कंपनीबाहेर त्याला काही अर्थ नाही. त्यांना खरं काम द्या, जे त्यांच्याशिवाय होणार नाही.

ते काम असं. त्यांच्याशेजारी बसा आणि म्हणा, "भाऊ, गेल्या दोन वर्षांत तुम्ही चेकलिस्ट परत पाठवून कोड बदलायला लावला अशा फायली आठवतात का? त्या काढू या." ते आधी "तशा खूप आहेत" म्हणतील. मग एकेक निघायला लागतील. इन्व्हॉइसवर "मशिनरी पार्ट्स" एवढंच लिहिलेलं, सगळ्यांनी ८४ व्या, म्हणजे मशिनरीच्या प्रकरणात टाकलेलं. भाऊंनी कॅटलॉग मागवला, तर आत लोखंडी बोल्ट आणि नट. ते कोणत्याही मशीनला लागत असले तरी सर्वसाधारण वापराचे भाग म्हणून ७३१८ मध्ये जातात, मशिनरीत नाही. त्याच इन्व्हॉइसमधले व्हल्कनाइज्ड रबराचे गॅस्केट पुन्हा तिसरीकडे, ४०१६ मध्ये. तरुण मुलांना हे पुस्तकातून कळेल, पण कुठल्या सप्लायरचं वर्णन असं गोलमाल असतं हे भाऊंनाच माहीत.

अशा पंचवीस-तीस फायली जमवा आणि सॉफ्टवेअर कंपनीला चाचणीसाठी तेवढ्याच द्या. त्यांचे स्वतःचे नमुने नेहमी पास होतात. भाऊंच्या फायलींवर सिस्टिम कुठे चुकते याची यादी तयार होईल, आणि ती यादी म्हणजे गो-लाइव्हनंतर कोणत्या प्रकारची बिलं माणसाने पाहिल्याशिवाय भरायची नाहीत याचा नियम. त्या नियमाखाली भाऊंची सही असू द्या. सिस्टिम कोड सुचवेल, कठीण फाईल भाऊंकडे जाईल. यात त्यांची समजूत काढण्याचा काही भाग नाही. चुकीच्या वर्गीकरणाचा दंड आणि व्याज टाळायचं असेल तर फर्मला हे करावंच लागणार आहे.

राहिलं टायपिंग आणि स्क्रीन. प्रोजेक्टर लावून सगळ्यांसमोर ट्रेनिंग असेल तर भाऊ मागच्या खुर्चीत बसून मान डोलावतील आणि काही शिकणार नाहीत. पंचवीस वर्षांच्या पोरांसमोर "हे बटण कुठलं?" असं विचारणं त्यांना जड जातं. त्यांनाच विचारा, कोणाकडून शिकायला आवडेल. त्या एकाला आणि भाऊंना संध्याकाळी सहानंतरची शांत वेळ द्या. बदल्यात तो पोरगा वर्गीकरण शिकेल, दोघांनाही हिशेब बरोबरीचा वाटेल.

ट्रेनिंगवरून आठवलं. एचआर एखादा ट्रेनर आणेल आणि तो फळ्यावर धक्का, नकार, राग, स्वीकार अशी वळणदार रेघ काढेल. ती एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांच्या मांडणीवरून आलेली आहे. १९६९ मध्ये त्यांनी ते टप्पे मांडले ते असाध्य आजाराच्या रुग्णांशी बोलून, ऑफिस शिफ्टिंगवरून नाही. कुणाला त्यातून धीर आला तर आनंद आहे. पण त्या रेघेवर माणसं बसवू नका. "तो अजून नकाराच्या टप्प्यात आहे" असं म्हटलं की त्याचा दोन गाड्या बदलण्याचा खरा प्रश्न त्याच्या मनाचा आजार होऊन बसतो.

मीटिंग आठवड्यातून एक, ठरलेल्या दिवशी, पंधरा मिनिटांची. काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही आणि त्याचं उत्तर कधी मिळेल, आणि आपल्या टीमच्या हातात काय आहे, एवढंच बोला. "बुधवारी सांगते" म्हणालात तर बुधवारी उभं राहायचं, नवीन काही नसेल तरी. "अजून काही कळलेलं नाही, मी पुन्हा विचारलंय" हीसुद्धा बातमी असते. तुम्ही नसलेला एक व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झालेला असेलच. त्यात शिरायचा किंवा कोणाकडून त्याचे स्क्रीनशॉट मिळवायचा प्रयत्न करू नका. बुधवारची मीटिंग नियमित झाली की तो ग्रुप पुन्हा गुड मॉर्निंगच्या फुलांवर येतो. आणि रात्री अकराला आलेल्या "मॅडम, खरंय का?" या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तरी काही बिघडत नाही.

राहिले ते दोघं, बाहेर इंटरव्ह्यू देणारे. पाळत ठेवू नका, रजेची कारणं खोदून विचारू नका. सरळ बोलवा: "बाहेर बघत असाल तर ते तुमचं चूक नाही. मला फक्त एवढं सांगा, इथे कोणती एक गोष्ट बदलली तर राहाल?" उत्तर तुमच्या आवाक्यातलं असेल, वेळ, काम, रिपोर्टिंग, तर प्रयत्न करा. पगाराचं किंवा बढतीचं असेल तर साहेबांचा लेखी होकार हातात आल्याशिवाय "बघते, होईल" म्हणू नका. त्या आशेवर हातची ऑफर सोडलेला माणूस नंतर मनाने कधीच परत येत नाही, आणि त्याची कहाणी उरलेले नऊ जण ऐकत असतात. जायचंच असेल तर चांगल्या मनाने जाऊ द्या, फक्त त्यांच्या इम्पोर्टरच्या फायली आतापासूनच दुसऱ्या एकेकाबरोबर जोडीने करायला लावा. आणि बदली माणूस मिळायला किती दिवस लागतील हे एचआरला याच आठवड्यात विचारून ठेवा. डॉक्युमेंटेशनचा तयार माणूस बॅलार्ड इस्टेटच्या गल्लीत आवाज दिला तरी मिळतो, ऐरोलीत तसा मिळेलच असं नाही.